जाड केसांच्या कुत्र्यालाही थंडी वाजते. पण स्वेटर हा त्यावरचा उपाय नव्हे

बेळगाव : तुळशीचे लग्न लागले की बेळगावकरांची कपाटे उघडतात. स्वेटर, कानटोप्या, शाली बाहेर येतात, पहाटे फिरायला निघालेल्यांच्या तोंडून वाफ निघू लागते आणि कुत्रा पाळणाऱ्या घरांत एका प्रश्नावरून दोन तट पडतात. गेटजवळ झोपणाऱ्या कुत्र्याचे काय करायचे? एक तट म्हणतो, ‘त्याला काय थंडी लागतीय! अंगावर घोंगडं घेऊनच जन्माला आलंय.’ दुसरा तट बाजारातून लाल स्वेटर आणतो, कुत्र्याला खोलीत घेतो, दारे-खिडक्या लावतो आणि हीटर सुरू करतो.

जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन, हस्की, सेंट बर्नार्ड असे भरगच्च केसांचे कुत्रे ज्यांच्या घरी आहेत, तिथे हा वाद दरवर्षी ठरलेला. दोन्ही तटांचे थोडे खरे आहे आणि थोडे चुकते आहे. अशा कुत्र्याच्या अंगावर निसर्गाने खरोखरच घोंगडे घातलेले आहे. मात्र ते कोरडे, मोकळे आणि स्वच्छ असेल तरच ऊब देते. ते ओले झाले, त्याच्या गाठी झाल्या, किंवा उन्हाळ्यात मशीन फिरवून ते काढून टाकले, तर हाच ‘थंडीला न भिणारा’ कुत्रा रात्रभर कुडकुडतो. केस लांब असल्यामुळे ते बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

एका कोटात दोन थर

या कुत्र्यांचे केस हाताने फाकवून पाहिले की आत दोन थर दिसतात. वरचे केस लांब, सरळ, थोडे राठ असतात. ते दव आणि धूळ बाहेरच्या बाहेर अडवतात. त्याखाली कातडीला लागून दाट, मऊ, लोकरीसारखी लव असते. खरी ऊब या लवेत असते. लवेच्या धाग्यांमध्ये हवा अडकून राहते, अंगाची उष्णता त्या हवेत धरून ठेवली जाते आणि बाहेरची थंडी कातडीपर्यंत पोचत नाही.

कापसाची रजई याच तत्त्वावर चालते. नवी रजई फुगलेली असते, तेव्हा उबदार असते. चार वर्षांनी आतला कापूस बसला, गोळे झाले की वजन तेवढेच राहते, पण ऊब जाते. मग पूर्वी दारावर पिंजारी आला की तो कापूस पिंजून घेत असत. जाड केसांच्या कुत्र्याला विंचरणे म्हणजे हे पिंजणेच आहे. हौस म्हणून नव्हे, तर ऊब परत आणण्यासाठी.

लांब केस म्हणजे जाड कोट, हा समज मात्र सोडायला हवा. माल्टीज, यॉर्कशायर टेरिअर, पूडल यांचे केस वाढतात, पण आत लवेचा थर जवळजवळ नसतो. त्यांना थंडी लवकर वाजते. आपल्या भागातला मुधोळ, तसेच डॉबरमन, बॉक्सर यांचे केस आखूड आणि अंगाला चिकटलेले, चरबीही कमी. त्यांना थंडीत झूल घातली तर त्यात वावगे काही नाही. म्हणजे शेजारच्या मुधोळला जे योग्य, ते आपल्या जर्मन शेफर्डला योग्य असेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट. लव कधी वाढायची आणि कधी गळायची, हे कुत्र्याचे शरीर मुख्यतः दिवस लहान-मोठा होण्यावरून ठरवते. जो कुत्रा वर्षभर घरात, ट्यूबलाइटच्या उजेडात आणि एकसारख्या हवेत राहतो, त्याचे केस बाराही महिने थोडे थोडे गळत असतात आणि हिवाळी कोट भरून येत नाही. त्यामुळे पाच वर्षे सोफ्याखाली झोपलेल्या लॅब्राडोरला, घरात लग्न निघाले किंवा पाहुणे आले म्हणून डिसेंबरात अचानक गच्चीवर झोपवणे बरोबर नाही. जात लॅब्राडोरची असली तरी सवय घरातली आहे. बाहेर ठेवायचेच असेल तर पावसाळा संपल्यापासून हळूहळू सवय लावावी लागते.

थंडीपेक्षा ओल वाईट

कोरड्या थंडीत दहा अंशांची रात्र हे कुत्रे सहज काढतात. ओल्या अंगाने पंधरा अंशांची रात्रही त्यांना जड जाते. लव भिजली की तिच्यातली हवा जाते, तिच्या जागी पाणी बसते आणि ते पाणी अंगातली उष्णता ओढून घेत राहते. वरचे केस तासाभरात सुकतात. आतली लव सुकायला कितीतरी वेळ लागतो. मालकाने पाठीवरून हात फिरवला तर कोरडे लागते, बोटे आत घातली तर गार आणि ओलसर.

म्हणून हिवाळ्यात आंघोळ कमी. कुत्रा चिखलात लोळला नसेल, वास येत नसेल, कातडीचे काही औषध चालू नसेल, तर महिना-दीड महिना आंघोळ नसली तरी बिघडत नाही. घालायचीच तर ऊन चढल्यावर, अकरा ते एकच्या दरम्यान, कोमट पाण्याने. शाम्पूचा अंश राहू देऊ नये, नाहीतर कातडी कोरडी पडते आणि खाज सुटते. टॉवेलने घासण्यापेक्षा दाबून पाणी टिपून घ्यावे. घासल्याने लवेच्या गाठी होतात. ड्रायर असेल तर हवा कोमट ठेवून, हातभर अंतरावरून, केस फाकवत फाकवत कातडीपर्यंत सुकवावे. ड्रायर नसेल तर उन्हात बसवून मधूनमधून विंचरावे. सूर्य कलला आणि आतली लव ओलसर असेल, तर त्या रात्री कुत्रा घरात.

आंघोळीआधी विंचरणे हा नियम पक्का ठेवावा. गाठी असलेले केस भिजवले की त्या आवळतात आणि नमद्यासारख्या घट्ट होतात.

पाऊस नसला तरी ओल असतेच. बेळगाव, खानापूर, चंदगड भागात हिवाळ्यात दव भरपूर पडते. पहाटे माळावर, उसाच्या बांधावरून फिरून आलेल्या कुत्र्याचे पाय, पोट आणि छाती भिजलेली असते. गोल्डन रिट्रीव्हरच्या पोटाखालच्या झालरीतून तर पाणी निथळते. घरी आल्यावर एका जुन्या टॉवेलने पोट, काखा आणि बोटांच्या फटी पुसून घेणे, हे दोन मिनिटांचे काम आहे. ते टाळले की बोटांच्या मधली कातडी लाल होते, कुत्रा पाय चाटत बसतो आणि पुढे डॉक्टरांकडे फेऱ्या सुरू होतात.

विंचरणे : पाठीवर नव्हे, कातडीपर्यंत

बहुतेक घरांत ब्रश असतो आणि तो पाठीवरून चार वेळा फिरतो. केस चमकतात, मालक खूश होतो, आत लव तशीच गुंतलेली राहते. योग्य पद्धत अशी : एका हाताने केस वर धरायचे, खालून कातडीची रेघ दिसू द्यायची आणि तिथून बाहेरच्या दिशेने विंचरायचे. मग रेघ थोडी वर सरकवायची. तारांचा ब्रश आणि त्यानंतर स्टीलचा रुंद दातांचा कंगवा, एवढी दोन साधने पुरतात. कंगवा कुठे अडकला तर तिथे गाठ आहे असे समजावे.

गाठी ठरावीक जागी होतात : कानामागे, काखेत, मांड्यांच्या मागे, शेपटीच्या बुडाशी आणि पट्ट्याखाली. बोटांनी हळूहळू मोकळ्या कराव्यात. कात्री लावू नये. गाठीबरोबर कातडीही वर ओढली जाते आणि कात्रीत सापडते. फार घट्ट गाठ असेल तर माहीतगाराकडून मशीनने काढून घ्यावी.

उन्हाळ्यात ‘त्याला गरम होतंय’ म्हणून सगळे केस उडवण्याची पद्धत आता शहरांत वाढली आहे. दुहेरी कोटाच्या कुत्र्यात ही चूक महागात पडते. लव लवकर येते, वरचे केस सावकाश येतात. काही कुत्र्यांत कित्येक महिने ठिकठिकाणी केसच येत नाहीत. पावसाळ्यानंतर केस काढलेला स्पिट्झ डिसेंबरात दिसायला पांढरा आणि गुबगुबीत असला, तरी त्याचे पांघरूण अर्धवटच असते. त्या हिवाळ्यात त्याला आत झोपवावे लागते, गरज पडली तर झूलही घालावी लागते.

आपल्याकडे थंडीत अंगाला तेल लावण्याची रीत आहे. ती माणसांसाठी चांगली. कुत्र्याच्या केसांना खोबरेल किंवा मोहरीचे तेल चोपडले की केस एकमेकांना चिकटतात, हवेच्या जागा बुजतात, वर धूळ बसते. शिवाय कुत्रा ते चाटतो. कापूर घातलेले तेल, किंवा सर्दीवर छातीला चोळतात तो बाम तर अजिबात लावू नये. कापूर कुत्र्याला विषारी आहे.

झोपण्याची जागा : चार बोटे उंच, वाऱ्याला पाठ

थंडी वरून येते त्याहून जास्त खालून येते. शहाबादी, ग्रॅनाइट, सिमेंटची फरशी रात्रभर अंगातली उष्णता ओढते. कुत्रा पडून राहतो तेव्हा अंगाखालचे केस वजनाने दबलेले असतात, त्यामुळे नेमका तिथेच कोट उपयोगी पडत नाही. जमिनीपासून चार बोटे उंच लाकडी फळी किंवा जुना पाट, त्यावर गोणपाटाच्या दोन घड्या आणि जुनी सतरंजी एवढे पुष्कळ होते. शेतघरावर भाताची कोरडी पिंजर किंवा पेंढा उत्तम. कुत्रा त्यात स्वतःला रुतवून घेतो. मात्र पिंजर दवाने ओलसर होते, तेव्हा ती चार-आठ दिवसांनी बदलावी आणि गोणपाट उन्हात झटकून घ्यावे.

घरकुल मोठे केले म्हणजे सुख झाले असे नाही. कुत्र्याला उभे राहता यावे, वळता यावे, पाय ताणून पडता यावे एवढीच जागा हवी. त्याहून मोठी जागा त्याच्या अंगाच्या उष्णतेने तापत नाही. पत्र्याचे छप्पर असेल तर रात्री पत्रा बर्फासारखा गार पडतो आणि पहाटे आतून पाणी ठिबकते. पत्र्याखाली लाकडी फळी किंवा निदान गोणपाट ताणून बांधावे.

दार वाऱ्याच्या उलट बाजूला असावे. दख्खनच्या पठारावर थंडीतला वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून येतो, ग्वाल्हेरकडे वायव्येकडून. पण दोन इमारतींच्या बोळात वारा कुठूनही वळतो. सोपा उपाय म्हणजे पहाटे पाचला त्या जागी उदबत्ती धरून धूर कुठे जातो ते पाहणे. धूर घरकुलात शिरत असेल तर घरकुल फिरवावे.

राखणीचा कुत्रा साखळीला असेल तर साखळी अंथरुणापर्यंत पोचते का, हे आधी पाहावे. कित्येक ठिकाणी घरकुल चांगले असते आणि साखळी दोन हात तोकडी पडते. मग कुत्रा रात्रभर उघड्या फरशीवर. मोकळा कुत्रा आपली जागा बदलू शकतो. बांधलेल्याला तो पर्याय नसतो. म्हणून बांधून ठेवणाऱ्यावर जबाबदारी दुप्पट.

एवढी सोय करूनही कुत्रा अंथरूण सोडून फरशीवर जाऊन पडला, तर त्याला ओढून आणू नये. गरम होत असेल तर तो गारवा शोधतो, थंडी वाजली की परत येतो. अंग गोल करून, नाक शेपटीखाली घालून निवांत झोपलेला कुत्रा ही काळजीची गोष्ट नाही. तो आपली ऊब सांभाळतो आहे.

मग स्वेटर कधी?

निरोगी, भरल्या केसांच्या कुत्र्याला स्वेटर लागत नाही. उलट घट्ट स्वेटरने लव दबते, तिच्यातली हवा जाते आणि काखेत, छातीवर गाठी होतात. आपल्या हिवाळ्याचा एक खोडसाळपणा लक्षात ठेवायला हवा : पहाटे बारा अंश असले तरी दुपारी ऊन तिशीच्या आसपास जाते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. सकाळी घातलेला स्वेटर दुपारी एकपर्यंत अंगावर राहिला, तर कुत्रा हिवाळ्यात उन्हाने हैराण होतो.

झूल घालायची ती शस्त्रक्रियेसाठी केस काढले असतील तर, कुत्रा म्हातारा किंवा आजाराने खंगलेला असेल तर, किंवा गाठींमुळे कोट उतरवावा लागला असेल तर. ती सैल आणि कोरडी असावी. ऊन आले की काढावी, केस विंचरावेत, रात्री पुन्हा घालावी.

शेगडी, हीटर आणि शेकोटी

थंडीने जेवढे कुत्रे संकटात येत नाहीत, तेवढे थंडीवरच्या उपायांनी येतात. सगळ्यात धोक्याची म्हणजे बंद खोलीतली कोळशाची शेगडी. कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला जसे कळत नाही तसे कुत्र्यालाही कळत नाही, आणि दार उघडून बाहेर जाणे त्याच्या हातात नसते. बंद खोलीत शेगडी नको; माणसांसाठीही नको.

विजेच्या हीटरपुढे कुत्रा चिकटून झोपतो. जाड केसांमुळे चटका त्याला उशिरा जाणवतो, तोवर कातडी भाजलेली असते. हीटर त्याच्या आवाक्याबाहेर, वायर आडोशाला आणि दार थोडे उघडे ठेवावे. लहान कुत्रे वायर चावतात. गरम पाण्याची पिशवी द्यायचीच तर टॉवेलात गुंडाळून, आणि जो उठून बाजूला होऊ शकत नाही त्या कुत्र्याजवळ ती ठेवून निघून जाऊ नये.

शेतावर शेकोटी विझल्यानंतर कुत्रा उबदार राखेत जाऊन बसतो. राखेखाली निखारे असतात. झोपायला जाण्याआधी राखेवर पाणी ओतावे. थांबलेल्या गाडीखालीही कुत्री, विशेषतः पिल्ले, उबेला बसतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारून खाली वाकून पाहावे.

खाणे-पाणी : डिंकाच्या लाडवापासून सावध

रात्री बाहेर राहणाऱ्या, पळणाऱ्या कुत्र्याला थंडीत थोडे जास्त अन्न लागते. घरात झोपणाऱ्याला लागत नाही. फिरणे कमी झाल्यामुळे त्याचे वजनच वाढते. जाड केसांत वाळलेला कुत्राही गुबगुबीत दिसतो आणि लठ्ठही. म्हणून डोळ्यांवर भरवसा नको. केसांत बोटे घालून बरगड्या चाचपाव्यात. हलक्या हाताने लागल्या तर ठीक. टोचत असतील तर अन्न वाढवावे. दाबूनही सापडत नसतील तर कमी करावे. वजनाचा हिशेबही सोपा आहे : कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहायचे, मग एकट्याने उभे राहायचे आणि वजाबाकी करायची.

थंडीत कुत्री पाणी कमी पितात. भांड्यातले रात्रीचे गार पाणी सकाळी ओतून द्यावे आणि कोमट पाणी भरावे. जेवणात थोडे पाणी कालवले तरी चालते. ‘ऊब येते’ म्हणून दुधाचा मारा करू नये. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. चमचाभर ब्रँडी पाजण्याचा सल्ला देणारे अजूनही भेटतात. दारूने कातडीकडचे रक्त वाढते, क्षणभर गरम वाटते आणि अंगातली उष्णता उलट बाहेर जाते. शिवाय दारू कुत्र्याला विषासारखीच आहे.

हिवाळा हा आपला खाण्याचा मोसम. डिंकाच्या आणि सुक्यामेव्याच्या लाडवांत बेदाणे, मनुका असतात. नाताळच्या केकमध्येही असतात. द्राक्षे आणि बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि ते किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही. चॉकलेटही घातक. हुरड्याबरोबरची लसणीची चटणी, मटणाच्या रश्श्यातला कांदा यांनी रक्तातल्या लाल पेशी फुटतात. तिळगुळाचा एखादा कण चाटला म्हणून घाबरायचे कारण नाही, पण मुलांच्या हातचा लाडू कुत्र्याच्या तोंडात जाणार नाही एवढे पाहावे.

पिल्लू, म्हातारा आणि आजारी

कोट कितीही जाड असो, या तिघांना वेगळा नियम. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पहिले काही दिवस कुडकुडताही येत नाही. आईची आणि भावंडांची ऊब हीच त्यांची ऊब. त्यांना कोरडी, आडोशाची जागा हवीच. पार्व्हो आणि डिस्टेंपर या दोन्ही रोगांचे विषाणू गारव्यात जास्त काळ तग धरतात. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होणारे लसीकरण सोळा आठवड्यांपर्यंत ठरल्या तारखांना पुरे करावे. ‘थंडी संपल्यावर बघू’ म्हणून तारीख पुढे ढकलू नये.

जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोर म्हातारपणी कमरेत आणि मागच्या पायांत धरतात. सकाळी उठताना कष्ट, जिन्याशी थबकणे, उठण्यासाठी पुढच्या पायांवर जोर देणे ही सांधेदुखीची लक्षणे. जाड अंथरूण, गुळगुळीत फरशीवर एखादी चटई आणि ऊन आल्यावर थोडे थोडे चालणे याने बराच फरक पडतो. दुखते म्हणून घरातली गोळी देऊ नये. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या माणसांच्या गोळ्या कुत्र्याचे यकृत, पोट, मूत्रपिंड बिघडवतात. एका गोळीने जीव जाऊ शकतो.

मध्यम वयाचा, जाड केसांचा कुत्रा अचानक उबेला चिकटू लागला, सुस्त झाला, खाणे तेच असून वजन वाढले, केस विरळ झाले, तर ती थंडी नसून थायरॉइडची कमतरता असू शकते. रक्त तपासल्यावर कळते आणि औषधाने आटोक्यात येते. घशात काही अडकल्यासारखा कोरडा, घोगरा खोकला येत असेल तर तो संसर्ग दुसऱ्या कुत्र्यांना लागतो. फिरायला नेणे थांबवावे आणि दाखवून घ्यावे. गोचिडी थंडीत मरतात, हाही गैरसमज. घराच्या भिंतींच्या भेगांत त्या बारा महिने वाढतात आणि जाड केसांत लपतात. विंचरताना कान, मान, बोटांच्या फटी बघितल्या की दोन्ही कामे होतात.

थंडी बाधली, हे कसे ओळखायचे?

कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे माणसापेक्षा जास्त. ते गुदद्वारात थर्मामीटर लावून मोजतात. ९९ च्या खाली गेले तर अंग थंड पडते आहे. थर्मामीटर नसेल तर ही चिन्हे पाहावीत : न थांबणारे कुडकुडणे, ताठरलेली चाल, हाक मारल्यावर न उठणे, कान आणि पंजे गार, हिरड्या फिकट. सगळ्यात वाईट चिन्ह म्हणजे कुडकुडणे थांबले आणि कुत्रा सैल पडला. ‘आता बरं वाटतंय’ असे समजून लोक फसतात.

अशा वेळी त्याला आत घ्यावे, अंग टिपून कोरडे करावे, कोरड्या ब्लँकेटात गुंडाळावे. कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून छाती-पोटाजवळ ठेवाव्यात. पाय चोळत बसू नये. गरम पाण्याची आंघोळ नको, कडक हवेचा ड्रायर नको. शुद्धीत असेल तरच कोमट पाणी द्यावे. हे करत असतानाच पशुवैद्यकाला फोन करावा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ आणि रात्री येऊ शकणाऱ्या डॉक्टरांचा नंबर थंडी सुरू होतानाच भिंतीवर लिहून ठेवलेला बरा.

गावागणिक थंडी वेगळी

मोबाइलवरचे बहुतेक सल्ले बर्फाच्या देशांतले असतात. पायात बूट, रस्त्यावरचे मीठ, गोठलेली शेपटी, यातले काहीच आपल्याला लागू नाही. आपल्यातही एक हिवाळा नाही. ग्वाल्हेरला जानेवारीत रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो आणि धुके असले की दिवसाही ऊन नसते. तिथे आंघोळ धुके उठेपर्यंत पुढे ढकलावी, आणि पहाटे रस्त्यावर नेताना काळ्या कुत्र्याच्या गळ्यात चमकणारा पट्टा असावा. ट्रकवाल्याला धुक्यात तो दिसत नाही. इंदूरला दिवस उबदार आणि रात्री झोंबऱ्या, त्यामुळे संध्याकाळी अंथरूण घालण्याची सवय हवी.

बडोद्यात आणि हैदराबादेत थंडीपेक्षा संक्रांतीचा मांजा घातक. जाड केसांत तो गुंडाळला जातो आणि कुत्रा ओढू लागला की कातडीत रुततो. उत्तरायणानंतर आठवडाभर फिरून आल्यावर पाय आणि पोट तपासावे. गोव्यात किनाऱ्यालगत रात्रीही पारा सहसा वीसच्या आसपास असतो. तिथे जाड केसांच्या कुत्र्याला थंडीची नव्हे, दमट हवेत केसांत मुरणाऱ्या ओलीची काळजी. बेळगावात दव आणि वारा हे दोन शत्रू. कोरडे अंग आणि आडोसा मिळाला की बाकीचे काम त्याचा कोट करतो.

या सगळ्याला खर्च फारसा नाही. एक कंगवा, दोन गोणपाट, एक जुना टॉवेल. लागतो तो रोजचा अर्धा मिनिट. रात्री गेटला कुलूप लावताना कुत्र्याच्या पाठीवर थोपटून आत जाण्याऐवजी त्याच्या केसांत बोटे पार कातडीपर्यंत घालावीत, एकदा पाठीवर, एकदा पोटाखाली. कोरडे आणि कोमट लागले तर दिवा मालवून खुशाल झोपावे. ओले किंवा गार लागले तर त्या रात्री दार उघडावे आणि त्याला आत घ्यावे.